दोन लाखांची खोली

दोन लाख, म्हणाली योसिना,
एका रात्रीचे.
जिल्हा सहकारी बँकेत एकतीस वर्षं
रोखपालाच्या खिडकीमागे बसलेली मी,
तरी छातीत धस्स झालं.
मग आठवलं, इथला रुपया हा आपल्या रुपयाचा
दूरचा, कडका भाऊ:
दोन लाख म्हणजे आपले अकराशे,
त्यात रताळी, अळूचा पाला, सरपण,
आणि पहाटे साडेचारला वाट दाखवायला येफ्ता.

खाली मनोक्वारीत, समुद्राकाठच्या हॉटेलाने
डॉलरात भाव कळवला होता,
वर "पक्षी दिसण्याची हमी."
हमी हा शब्द मी जन्मभर
कर्जाच्या कागदांवर पाहिला.
जामीनदार कोण, असं विचारलं,
तर पुन्हा उत्तर नाही.

योसिनाचं उत्तर यायला नऊ दिवस लागले.
रेंज फक्त वरच्या वळणावर,
तीही धुकं नसेल तर.
"या. जागा आहे. ब्लँकेट आणा."

तिला इथे सगळे मामा म्हणतात.
मामा म्हणजे आई.
पहिल्या दिवशी जीभ अडखळली,
दुसऱ्या दिवशी चुलीपाशी हात पुढे करून
"मामा, थोडं मीठ" म्हणाले,
आणि शिरपूरचा माझा खरा मामा
मिशीसकट डोळ्यांपुढे आला.
का हसते, ते तिला सांगता येईना.

घर खांबांवर. खांब मोजायची खोड जाईना,
एकशे बारापर्यंत पोचले,
मग डुक्कर आडवं आलं.
हे लोक म्हणतात, घराला हजार पाय.
बरं, हजार.
हिशेब तेवढ्यावर बंद केला.

रात्री फळ्यांच्या फटींतून थंडी
विचारल्याशिवाय आत येते.
भिंतीवर येफ्ताची कुऱ्हाड, पात्यावर गंज,
शेजारी धनुष्य.
"पूर्वी पिसांसाठी मारायचो," सुपारी चघळत तो म्हणाला.
लाज नाही, फुशारकी नाही,
सोडलेल्या नोकरीबद्दल बोलावं तसं.

तिसऱ्या दिवशी पानांच्या लपणात
गुडघे पोटाशी घेऊन बसले.
समोर त्याची झोपडी:
काटक्यांचं गोल छप्पर, दाराशी शेवाळाचं अंगण,
अंगणात ढीग, रंगारंगाने वेगळे.
लाल फुलं. काळी फळं.
भुंग्यांचे पंख, निळसर, नाण्यांसारखे रचलेले.
शीतपेयाचं एक टोपणही,
ते जरा बाजूला, पाहुण्यासारखं.

आणि एवढं सगळं करणारा तो
अगदीच मातकट.
आमच्या शाखेतल्या शिपायाचा गणवेश
यापेक्षा उठून दिसायचा.

मग कुणीतरी लाकूड तोडू लागलं.
ठक्. ठक्. थांबून, ठक्.
मी येफ्ताकडे पाहिलं. येफ्ता माझ्याकडे.
आवाज झोपडीवरच्या फांदीतून येत होता.
"माझीच कुऱ्हाड," तो कुजबुजला.
"मी थांबलो. ह्याचं चालूच आहे."

या झोपडीत कुणी राहत नाही, त्याने सांगितलं.
मादी येते, बघते, बहुतेक वेळा निघून जाते.
पिल्लं ती दुसरीकडे, एकटीच वाढवते.
एवढं घर, आणि मुक्काम कुणाचाच नाही!

तो उडाल्यावर मला राहवेना.
वाटेवरचं एक लाल फूल
मी लाल ढिगावर ठेवलं, अगदी नीट,
शंभराच्या गड्डीवर शेवटची नोट ठेवावी तसं.
तो आला. मान वाकडी करून बघितलं.
चोचीत धरलं
आणि अंगणाबाहेर फेकून दिलं.
येफ्ता तोंड दाबून इतका हसला
की लपण हललं.

पाच रात्रींचे दहा लाख.
अंगठा ओला करून मी दोनदा मोजले.
योसिनाने न मोजता बिस्किटाच्या डब्यात टाकले,
मग पन्नास हजार काढून परत दिले:
बुधवारी पाऊस होता,
तुला काहीच दिसलं नाही.
मी घेतले नाहीत. तिने माझ्या पिशवीत कोंबले.
दोघींनीही आपापल्या भाषेत भांडून घेतलं.

परवा तळवलकरबाईंनी विचारलं,
त्यांनाही जायचंय,
स्वस्त आहे ना, स्वच्छ आहे ना,
आणि पक्षी दिसेलच ना नक्की?

मी नंबर लिहून दिला.
म्हटलं, उत्तराची नऊ दिवस वाट बघा.
ब्लँकेट न्या.